रविवारी विमान उडत नाही

टोंगाच्या राज्यघटनेतलं सहावं कलम रविवारचं आहे. या दिवशी कुणी धंदा-व्यवसाय करू नये, आणि रविवारी कुणी करार केलाच तर तो रद्दबातल समजावा, असं ते बजावतं. राज्यघटना 1875 ची, पण कलम आजही पाळलं जातं. दुकानांना कुलपं, मैदानं ओस, मासेमारी बंद आणि देशांतर्गत विमानं जमिनीवर. राजधानी नुकुआलोफात त्या सकाळी ऐकू येतात त्या चर्चच्या घंटा, चार आवाजांत खणखणीत म्हटलेली भजनं, आणि दिसतात ती रस्त्यावर मोकाट फिरणारी डुकरं. नारळीची झाडं आणि निळं पाणी पाहून सुट्टीवर आलेले पर्यटक या दिवशी गोंधळून जातात. अमेरिकेच्या उटाह राज्यातून आलेलं एखादं निवृत्त जोडपं मात्र खूश असतं. असा रविवार त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या घरात पाळलेला असतो. इथे तो अख्खा देश पाळतो, एवढाच फरक.

हे जोडपं मिशनरी असतं. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मिशनरी म्हटल्यावर अमेरिकन मराठी मिशनची माणसं येतात. 1813 मध्ये मुंबईत पाय ठेवणारी, मराठी शिकून शाळा आणि छापखाने काढणारी, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू करणारी. त्यांच्यापैकी कितीतरी जण याच मातीत पुरले गेले. टोंगातलं हे जोडपं वेगळ्या जातकुळीचं आहे. नोकरी संपली, मुलांचे संसार मार्गी लागले, नातवंडं झाली, की ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, म्हणजे ज्याला जग मॉर्मन पंथ म्हणून ओळखतं, त्याच्याकडे ते अर्ज करतात आणि सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतच्या मुदतीवर निघतात. पगार नसतो. जेवणखाण आणि घरभाडं स्वतःच्या पेन्शनीतून किंवा बचतीतून भरायचं. भाड्याला तेवढी चर्चने कमाल मर्यादा घालून दिली आहे.

या पंथाचे ठळक मिशनरी म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. दोघा-दोघांच्या जोडीनं हिंडायचं, जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही, समुद्रात पोहायचं नाही, दिवसाचा तास न् तास ठरलेला. ज्येष्ठ जोडप्यांना एवढी शिस्त नसते. दारोदार हिंडून धर्म सांगणं हे त्यांचं मुख्य काम नाही. त्यांच्या वाट्याला येतं ते कचेरीचं काम. व्हिसाचे कागद, विजेची बिलं, गाड्यांची दुरुस्ती, पोरांची पत्रं. कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल तर तब्येतीच्या तक्रारी त्यांच्याकडे येतात. कुणी शिक्षक असेल तर शाळेत शिकवतात किंवा तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षण देतात. पोरांच्या खोल्या स्वच्छ आहेत का हे पाहायलाही यांनाच पाठवतात. गळू, डेंगीचा ताप आणि घरची आठवण या तीन कारणांसाठी वीस वर्षांचा मुलगा आईला शोधतो, आणि आई दहा हजार किलोमीटर लांब असते. 2019 पासून मिशनरी मुलांना आठवड्यातून एकदा घरी फोन करायची मुभा मिळाली. बाकीचे सहा दिवस हे आजी-आजोबाच.

टोंगाची लोकसंख्या जेमतेम लाखभर आणि बेटं सुमारे 170. त्यातही बहुतेक ओसाड. बहुतांश वस्ती टोंगाटापू या सपाट, प्रवाळाच्या बेटावर. अमेरिकेहून आलेल्या माणसाला इथे पहिल्या आठवड्यात सगळंच उलटं करावं लागतं. गाडी डाव्या बाजूनं हाकायची, आणि समोर डुकरीण पिल्लांसकट रस्ता ओलांडत असेल तर थांबायचं. वीज 240 व्होल्टची, त्यामुळे घरून आणलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला की धूर. पिण्यासाठी छपरावरून उतरलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं. आणि कोंबडे! टोंगातले कोंबडे पहाटेची वाट पाहत बसत नाहीत.

पुरुषांचा पोशाख तुपेनू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, आणि त्यावर ताओवाला ही विणलेली चटई. मिशनरी पांढरा सदरा, टाय आणि खाली हे, अशा थाटात चर्चला जातात. पासष्टी ओलांडलेला, जन्मभर पँट घातलेला माणूस कमरेला चटई बांधून निघतो, तेव्हा पहिल्या दिवशी ती कशी बांधायची हे शेजारच्या टोंगन बाईला दाखवावं लागतं.

जेवणाचं पान मराठी माणसाला फारसं परकं वाटणार नाही. रविवारी पहाटे अंगणात खड्डा खणून, दगड तापवून ‘उमू’ लावायचा, त्यात अळूच्या पानांत नारळाचं घट्ट दूध आणि मांस बांधून ठेवायचं, वर माती-पानं लोटायची आणि प्रार्थनेला जायचं. परत येईपर्यंत ‘लू’ शिजलेलं असतं. सोबत कोनफळ, रताळं, नीरफणस. कोकणातल्या परसात हे सगळं सापडतं, फक्त आपण अळूत मांस बांधत नाही. चहा मात्र मिळणार नाही. मॉर्मन पंथाला चहा, कॉफी, दारू, तंबाखू चारही वर्ज्य. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे, अशीही रीत आहे. चर्चमधली बैठक पूर्वी तीन तास चालायची, 2019 पासून दोन तासांवर आली. त्याबद्दल फारशी तक्रार झाल्याचं ऐकिवात नाही.

सणांचं गणित तारखेच्या रेषेमुळे गमतीशीर होतं. टोंगाचं घड्याळ उटाहच्या हिवाळ्यात तिथल्यापेक्षा वीस तास पुढे असतं. टोंगात नाताळची सकाळ सात वाजता उजाडते तेव्हा उटाहमध्ये 24 डिसेंबरचे अकरा वाजलेले असतात, नातवंडं अजून भेटवस्तूंच्या वेष्टनाकडे आशेनं पाहत असतात आणि आजी इकडे पंख्याखाली घामाघूम झालेली असते. दक्षिण गोलार्धातला नाताळ ऐन उन्हाळ्यातला. बर्फ, फायरप्लेस, गरम कोको या सगळ्याला रजा. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग, टोंगात साधा कामाचा दिवस. मग परदेशी जोडपी संध्याकाळी एकाच्या घरी जमतात. टर्कीऐवजी शेजाऱ्यांनी पाठवलेलं आख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू असलं तरी सण होतो.

टोंगाच्या सुट्ट्या वेगळ्या. 4 जूनला मुक्तिदिन, 1862 मध्ये राजा जॉर्ज टुपोऊ पहिला यांनी रयतेला सरदारांच्या वेठीतून सोडवलं त्याची आठवण. 4 नोव्हेंबर राज्यघटनेचा. एक योगायोग तर अमेरिकन जोडप्यांसाठीच केल्यासारखा होता. राजा टाउफाआहाउ टुपोऊ चौथे यांचा जन्म 4 जुलै 1918 चा, म्हणून त्यांच्या कारकिर्दीत अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी टोंगातही मिरवणूक आणि वाद्यवृंद असे. 2006 मध्ये ते वारले. आताचे राजे टुपोऊ सहावे यांचा वाढदिवस 12 जुलैचा, आणि त्या सुमारास हेइलाला महोत्सव भरतो.

सोमवार हा मिशनऱ्यांचा मोकळा दिवस. कपडे धुवायचे, किराणा आणायचा आणि उरलेल्या वेळात फिरायचं. होउमा गावाजवळ मापुआ वाएआला खडकांच्या भोकांतून समुद्राचे फवारे उडतात. कोलोवाईत फळं खाणारी वटवाघळं झाडांना लटकलेली. बेटाच्या पूर्व भागात हाआमोंगा आ माउइ हा प्रवाळदगडाच्या तीन प्रचंड शिळांचा दरवाजा, तेराव्या शतकाच्या आसपासचा. जुलै ते ऑक्टोबरात अंटार्क्टिकाकडून पाठीवर कुबड असलेले देवमासे पिल्लं घालायला इथे येतात आणि जोडप्यांच्या फोनमध्ये शेपट्यांचे फोटो भरून जातात.

स्वर्ग म्हणावं, तर 15 जानेवारी 2022 आहे. त्या दिवशी हुंगा टोंगा–हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला, त्सुनामी आली, राख पावसाच्या पाण्याच्या टाक्यांत पडली आणि समुद्राखालची केबल तुटल्यामुळे देशाचा जगाशी असलेला संपर्क तुटला. केबल जोडायला पाच आठवड्यांच्या आसपास लागले. अशा वेळी मॉर्मन चर्चच्या पक्क्या इमारती लोकांच्या आसऱ्याच्या जागा ठरतात, हेही मान्य करायला हवं.

पंथ इथे उपरा नाही. पहिले मिशनरी 1891 मध्ये आले, सहा वर्षांत गाशा गुंडाळून गेले, 1907 मध्ये पुन्हा आले आणि मग राहिलेच. चर्चचं लिआहोना हायस्कूल 1952 चं, नुकुआलोफाचं मंदिर 1983 चं. चर्चच्या नोंदवहीत निम्म्याहून अधिक टोंगन लोक सदस्य आहेत, जनगणनेत मात्र स्वतःला मॉर्मन सांगणारे साधारण पाचातले एक. बाप्तिस्मा घेऊन नंतर पंथ सोडणाऱ्या प्रत्येकाचं नाव वहीतून निघत नाही, म्हणून हा फरक. लिआहोनाच्या शाळेसाठी धर्म घेतला आणि शिक्षण संपल्यावर जुन्या चर्चमध्ये परतले, असे लोक तिथे थोडेथोडके नाहीत. चर्चच्या टीकाकारांचा आक्षेपही नेमका हाच आहे, आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

उलट दिशेची वाहतूकही लक्षात घ्यावी. टोंगात जितके टोंगन राहतात त्याहून अधिक परदेशात आहेत, आणि सॉल्ट लेक शहराच्या आसपास त्यांची मोठी वस्ती आहे. तरणीताठी पोरं कामासाठी उटाहला जातात, उटाहचे पेन्शनर सेवेसाठी टोंगाला येतात. ऑक्टोबर 2023 च्या अधिवेशनात चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक, रोनाल्ड रॅसबँड यांनी आणखी ज्येष्ठांना निघण्याचं आवाहन केलं. जोडपी येतात, कचेरी आणि शाळा चालते, बहुतेक खर्च चर्चच्या तिजोरीवर पडत नाही, हे खरंच चोख बेतलेलं आहे. मात्र मुदत संपली की ते जोडपं परत जातं आणि नवं येतं. ताओवाला कशी बांधायची, टाकीचं पाणी कधी उकळायचं, मयताच्या घरी काय न्यायचं, हे त्या नव्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. हे शिकवणारे टोंगन शेजारी चर्चच्या स्वयंसेवकांच्या कुठल्याच यादीत नाहीत.