नदीपेक्षा हळू : वाहत्या पाण्यातील होडी आणि वल्ह्याची विद्या

मराठी माणसाच्या बोलण्यात नावाडी पुष्कळ आहे. पैलतीर, भवनदी, तारू, सुकाणू, नाव काठाला लागणे, दोन्ही डगरींवर हात ठेवणे... संतांपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांनी या शब्दांवर आपापली ओझी लादली. पण नाव प्रत्यक्षात चालवतात कशी, हे आपल्याकडे फारसे लिहिले गेले नाही. ती विद्या भोई, कोळी, ढीवर कुटुंबांत हातातून हातात जात राहिली. बलुतेदारांच्या अनेक याद्यांत कोळी येतो. पलीकडे पोचवण्याच्या बदल्यात त्याला काठावरच्या गावांकडून धान्य मिळे. पूल झाले, धान्य थांबले आणि विद्याही थांबली. कागदावर नसलेली विद्या थांबली की पुसलीच जाते. म्हणून तिचा गाभा जमेल तसा मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पैनगंगेचा काठ

आमचे किनवट पैनगंगेच्या काठावर आहे. ही नदी बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते, नांदेड आणि यवतमाळ यांच्यामधून सीमारेषेसारखी वाहते आणि पुढे वर्धेला मिळते. सीमा होण्याची सवय तिला जुनीच. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पैनगंगेच्या एका काठावर निजामाचा अंमल, दुसऱ्या काठावर इंग्रजांचा, अशी स्थिती शंभर वर्षांच्या आसपास राहिली. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पलीकडे उमरखेडला कार्यकर्त्यांचे शिबिर होते. अलीकडच्यांचे पलीकडे नाते होते, बाजार होता, देवस्थान होते. या सगळ्यांच्या मध्ये पावसाळ्याचे चार महिने पाणी होते.

हे पाणी एकसारखे नाही. उन्हाळ्यात जिथे गुरे चालत पलीकडे जातात, तिथेच भाद्रपदात माणसाचा पाय टिकत नाही. इस्लापूरजवळ हीच नदी खडकावरून सहस्रकुंडात कोसळते. पुढे ती डोहात संथ होते, मग वाळूत पसरते. वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाऊस नसतानाही पाणी चढते. अशा नदीत होडी घालणाऱ्याला पहिला प्रश्न पडला पाहिजे तो असा : माझ्या खाली, प्रवाहाच्या दिशेने, पुढे काय आहे? खडक, बंधारा की धबधबा? याचे उत्तर माहीत नसेल तर होडी सोडू नये. बाकीचे सगळे कौशल्य यानंतरचे.

स्थिर पाण्याची होडी, वाहत्या पाण्याची होडी

नौकानयन म्हटले की आपल्याला शर्यतीची लांबट, निमुळती होडी आठवते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील, पाण्याची टंचाई सोसणाऱ्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हे मारायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. त्या होडीत वल्हेकरी जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतो. पाठीचा आणि पायांचा सगळा जोर मिळतो, वेग मिळतो. समोर मोकळे, स्थिर पाणी असेल तर हेच योग्य.

वाहत्या नदीत मात्र हीच बैठक घात करते. याचा मोठा धडा अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीने दिला. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा, युद्धात उजवा हात गमावलेला भूगर्भतज्ज्ञ, चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन ग्रँड कॅन्यनच्या दिशेने निघाला. त्याच्या होड्यांच्या तळाला कणा होता, त्या सरळ रेषेत वेगाने जाण्यासाठी बांधलेल्या होत्या आणि वल्हेकरी प्रवाहाकडे पाठ करून बसत. खडक कुठे आहे हे वल्हे मारणाऱ्याला दिसत नसे आणि ज्याला दिसे त्याच्या हातात वल्हे नसे. एक होडी वाटेतच फुटली.

पुढे १८९० च्या दशकात नॅथॅनिएल गॅलोवे नावाच्या, सापळे लावून जनावरे धरणाऱ्या माणसाने त्याच नद्यांवर साधा बदल केला. होडी हलकी आणि सपाट तळाची घेतली, तिची दोन्ही टोके किंचित वर उचललेली ठेवली आणि स्वतः प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसला. आता खडक समोर दिसू लागला आणि वल्हे आपल्याकडे ओढले की होडी खडकापासून मागे येऊ लागली. ओढण्याचा जोर ढकलण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो. तो आता सुटकेच्या कामी आला. ओरेगॉन राज्यातील मॅकेंझी नदीवर वाढलेली आणि आज ड्रिफ्ट बोट म्हणून ओळखली जाणारी होडी याच विचाराची आहे.

त्या होडीचा नियम एका वाक्यात सांगता येतो : तोंड संकटाकडे, पाठ सुटकेकडे आणि वल्हे आपल्याकडे. नदी तुम्हाला पुढे नेतच असते, त्यासाठी वल्हे लागत नाही. वल्हे लागते ते नदीपेक्षा हळू जाण्यासाठी. जो नदीपेक्षा हळू जातो त्याला पाहायला, ठरवायला आणि बाजूला सरायला वेळ मिळतो.

तिरपे जाण्याचे गणित

आपल्याकडची नाव वेगळी; तिचे काम नदीबरोबर खाली जाण्याचे नव्हे, नदी ओलांडण्याचे. पण तत्त्व तेच आहे. मुरलेला नावाडी होडी उतरण्याच्या जागेसमोरून सोडत नाही. काठाकाठाने, बांबू टेकत किंवा दोरीने ओढत, ती आधी वर नेतो आणि मग तिचे तोंड प्रवाहाविरुद्ध तिरपे धरून निघतो. पाहणाऱ्याला वाटते, हा उगाच लांबचा रस्ता घेतो आहे.

हिशेब करून पाहा. नदी १०० मीटर रुंद आहे, प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर आहे आणि वल्ह्याने होडीला मिळणारा वेगही तेवढाच आहे असे धरू. तोंड सरळ समोरच्या काठाकडे ठेवले तर १०० सेकंदांत पलीकडे पोचाल, पण तेवढ्या वेळात १०० मीटर खाली वाहून गेलेले असाल. तोंड वरच्या बाजूला ४५ अंशांत तिरपे ठेवले तर वेळ सुमारे १४० सेकंद लागेल. वाहून जाल मात्र जेमतेम ४० मीटर. आणि घाबरून तोंड खालच्या बाजूला ४५ अंशांत वळले, तर तेवढ्याच १४० सेकंदांत सुमारे २४० मीटर खाली जाल. तीच नदी, तीच होडी, तेच मनगट. फरक फक्त तोंडाच्या दिशेचा. खाली दीडशे मीटरवर बंधारा असेल तर हा फरक जगण्यामरण्याचा आहे.

कोन फार उघडला, म्हणजे होडी प्रवाहाला आडवी झाली, की धार तिच्या अख्ख्या कुशीवर आदळते. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. काल जमले म्हणून आज जमेल, हा पुराच्या पाण्यातला सगळ्यात महाग पडणारा हिशेब आहे.

पाणी वाचणे

वल्हे मारायला शिकायला थोडे दिवस लागतात. पाणी वाचायला सगळा पावसाळा लागतो. तरी काही खुणा शब्दांत सांगता येतात.

धारेत पाण्याची टोकदार खूण दिसते. टोक खालच्या दिशेला असेल तर दोन अडथळ्यांमधली ती मोकळी वाट असते. टोक आपल्याकडे, म्हणजे वरच्या दिशेला असेल तर त्या टोकाशी खडक आहे. पाणी एका जागी गुळगुळीत फुगलेले आणि लगेच खाली खळखळलेले दिसले तर वरून न दिसणारा दगड तिथे बसला आहे. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि वेगवान असते, आतल्या काठाला उथळ आणि वाळूचे. मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला पाणी थबकते, कधी उलटेही फिरते. जाणत्याला ते विसाव्याचे ठिकाण, नवख्याला होडी गर्रकन फिरवणारी जागा. वाळूउपशाने पडलेल्या खड्ड्यांनी मात्र जुन्या खुणा खोट्या ठरवल्या आहेत. जिथे आजोबा कमरेइतके पाणी सांगत, तिथे आज पुरुषभर खोली असू शकते.

दोन गोष्टी खडकापेक्षा वाईट. पहिली, पाण्यात आडवे पडलेले झाड किंवा काठची बुडालेली बाभळ. फांद्यांतून पाणी निघून जाते. होडी आणि माणूस निघत नाही. दुसरी, बंधारा. भिंतीवरून पडणारे पाणी खाली गेल्यावर पृष्ठभागावरून परत भिंतीकडे वळते. वरून दिसायला ती इवलीशी उडी. पण तिच्या पायथ्याशी सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते आणि फेसाळ पाणी नीट तरंगूही देत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल होतो.

होडी खडकाला आडवी टेकलीच, तर घाबरलेली माणसे खडकापासून दूर, म्हणजे वरच्या बाजूला सरकतात. तीच बाजू खाली दबते, तिच्यावरून धार आत शिरते आणि क्षणात होडी भरते. करायचे ते नेमके उलट : सगळ्यांनी खडकाकडे झुकायचे. आणि पाण्यात पडलेच तर पाठीवर, पाय खालच्या दिशेला करून वाहत जायचे. वेगाच्या पाण्यात उभे राहायचे नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की धार माणसाला पालथे पाडते.

बुडतात कोण

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या ६ महिला बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. ६ जण गेले.

नदी वेगळी, ऋतू वेगळा. जानेवारीत पूर नसतो आणि उजनीत धार नव्हती, वारा होता. पण बुडालेली माणसे पाहा : देवदर्शनाला किंवा फिरायला निघालेले कुटुंब, कामावर निघालेल्या मजूर बाया, आपल्या गावी निघालेले प्रवासी. साहसासाठी कोणी गेले नव्हते. त्यांना पलीकडे जायचे होते आणि होडी हा त्यांचा रस्ता होता.

म्हणून प्रवाशालाही या विद्येतले चार शब्द माहीत असावेत. बसल्यावर होडीचा काठ पाण्याच्या वर किमान एक वीत दिसला पाहिजे. नसेल तर उतरावे, दुसऱ्या खेपेची वाट पाहावी. होडीत उभे राहू नये. तळात साचलेले पाणी लगेच उपसावे. ते होडी कलेल त्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. अर्धा घनमीटर पाणी म्हणजे ५०० किलो, सात-आठ माणसांचे ओझे. लाइफ जॅकेट अंगात बांधलेले हवे, पायाखाली ठेवलेले नव्हे.

कोणी शिकवायचे

होड्यांसाठी कायदा आहे. १९१७ चा जुना कायदा यंत्रावर चालणाऱ्या बोटींपुरता होता. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने बिनयंत्राच्या होड्यांचाही विचार केला आणि त्यांच्या स्थानिक नोंदणीची वाट ठेवली. हे चांगलेच झाले. पण नोंद होडीची होते, हाताची होत नाही. कोन किती धरायचा, होडी कधी सोडायचीच नाही, हे नोंदवहीत मावत नाही.

पूल आले म्हणून नावाडी संपला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पूर आला की आधी कमी उंचीचे पूलच पाण्याखाली जातात आणि त्याच दिवशी होडी शोधली जाते. ती चालवायला पुढे येतो तो धाडसी तरुण; त्याने तळ्यावर मासे धरताना वल्हे मारलेले असते, वाहत्या पाण्याशी त्याची ओळख नसते. नाव लागते ती सगळ्यात वाईट दिवशी आणि चालवणारा असतो सगळ्यात कमी शिकलेला. धोक्याचे मूळ या विसंगतीत आहे.

शिकवण्याचा क्रम अवघड नाही. आधी तलावात : होडी जागच्या जागी फिरवणे, मागे ओढणे, भरलेली होडी उपसणे, पाण्यात पडून परत चढणे. मग पाऊस ओसरल्यावर संथ धारेत : तिरपे तोंड धरून आर-पार, रिकाम्या होडीने, काठावर दोरी घेऊन माणूस उभा. मग थोड्या वेगाच्या पाण्यात, खडकाच्या आडोशाला थांबत थांबत. माणसे बसवायची ती सगळ्यात शेवटी. दर पावसाळ्याआधी काठावरच्या गावांतील चार-दोन तरुणांना एवढे दिले तरी पुष्कळ झाले. शिकवायला लागणारी माणसे अजून काठाकाठाने आहेत. सत्तरी ओलांडलेला भोई आज वल्हे मारणार नाही, पण काठावर बसून 'आत्ता नको, पाणी अजून गढूळ आहे, चढतंय' एवढे नक्की सांगेल.

या विद्येत होडी न सोडण्याचा निर्णयही वल्ह्याइतकाच मोलाचा आहे. तो घेणारी माणसे आहेत, तोवर ती विद्या उतरवून घेतली पाहिजे. कागदावर थोडी आणि हातांत जास्त.