शेड पाडली, पण मातीचं काय?

फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली भंगार गोदामं आणि वर्कशॉप हजारोंच्या संख्येने पाडली. राडारोडा उचलला म्हणजे जमीन साफ झाली, असं मला वाटत नाही. बॅटऱ्यांतलं शिसं, जळकं ऑइल, प्लेटिंगचं क्रोमियम अशा जागी मातीतच मुरलेलं असू शकतं. जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी नियम केले, त्यामुळे तपासणीची वाट आता आहे. प्रश्न उरतो तो ‘साफ’ कशाला म्हणायचं याचा.

माझ्या मते हे जमिनीच्या पुढच्या वापरावरून ठरावं. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या हातातून वरची माती थेट तोंडात जाते, म्हणून घरांच्या जागी शिशाची मर्यादा कारखान्यापेक्षा कडक हवी. परदेशी आकडेच लावा, असं काही जण म्हणतात. पण आपल्या बेसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. नुसता एकूण आकडा पाहिला तर स्वच्छ शेतही नापास होईल. म्हणून आसपासच्या न बिघडलेल्या मातीशी तुलना करावी आणि षट्संयुजी क्रोमियम वेगळं मोजावं, कारण जास्त विषारी तेच आणि पाण्याबरोबर बोअरपर्यंत जाणारंही तेच. खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण सगळी माती खणून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रावर न्यावी लागते असं नाही. फेरस सल्फेटसारख्या क्षारांनी हे क्रोमियम जागच्या जागी कमी विषारी रूपात आणता येतं. शिसं मात्र नष्ट होत नाही. ते काढावं लागतं किंवा झाकावं लागतं. झाकलं तर तशी नोंद सातबाऱ्यावर हवीच, नाहीतर पुढे पाया खणणाऱ्याला ते कळणार कसं?