१४२८५७ आणि साताची बाकी

१४२८५७ ला दोनाने गुणलं की २८५७१४ येतात, तिनाने गुणलं की ४२८५७१. चार, पाच, सहा, कशानेही गुणा. तेच सहा अंक त्याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात निराळ्या अंकापासून होते. साताने गुणल्यावर मात्र एकदम ९९९९९९. अशी संख्या दिसली की काही जण तिच्यात दैवी संकेत शोधतात आणि काही जण पोरखेळ म्हणून ती बाजूला सारतात. दोघांचंही चुकतं असं मला वाटतं, कारण असं का होतं हे दोघंही विचारत नाहीत. आणि ते कळायला फार शिकावं लागत नाही. उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या शाळकरी मुलालाही पाटीवर एकाला साताने भागता येईल. बाकी ३ उरते, मग २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शून्य सोडलं तर साताच्या बाक्या सहाच. त्या सगळ्या एकेकदा येऊन जातात आणि भागाकारात १४२८५७ पुन्हा पुन्हा उमटत राहतं. दोन सप्तमांश काढताना हेच चक्र बाकी २ पासून सुरू होतं, म्हणून तिथे २८५७१४.

या संख्येचा आणखी एक गुण आपल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या नावाने जगभर ओळखला जातो. १९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा, मूळ संख्या परत मिळते. यातही जादू नाही. १४२८५७ मधून एक वजा केला तर उरलेल्या १४२८५६ ला साताने पूर्ण भाग जातो आणि २०४०८ येतात. म्हणजे या संख्येच्या वर्गातून तीच संख्या वजा केली की ९९९९९९ गुणिले २०४०८ एवढं उरतं. ९९९९९९ म्हणजे दहा लाखाला एक कमी, म्हणून डावा तुकडा २०४०८ आणि उजवा १४२८५७ वजा २०४०८. कारण कळल्यावर मला तरी ही संख्या अधिकच सुंदर वाटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून घडतं, मग त्यात गणित ते कसलं? कापरेकरांच्या कामालाही अनेक अभ्यासकांनी क्षुल्लक ठरवलं होतं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. आक्षेपातली पहिली गोष्ट खरी आहे. मोजण्याचा पाया बदलला की १४२८५७ चं हे रूप जातं. पण बाक्यांचं चक्र जात नाही, ते प्रत्येक पायात कुठल्या ना कुठल्या संख्येभोवती असतंच. दशमान पद्धतीत १७ ला सोळाही बाक्या एकाच फेरीत मिळतात, १३ ला मात्र नाही. तिथे बाक्यांची सहा-सहाची दोन चक्रं पडतात. असं का, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. गाउसने १८०१ च्या ग्रंथात या आवर्ती अपूर्णांकांचा पद्धतशीर विचार केला. सात आणि सतरासारख्या मूळ संख्या अनंत असाव्यात हे एमिल आर्टिन यांच्या १९२७ मधल्या अनुमानातून निघतं, पण त्याची संपूर्ण सिद्धता अजून कुणालाही देता आलेली नाही.