आगीच्या बंबाचा इतिहास

मराठीत 'बंब' हा एकच शब्द दोन वस्तूंस लावण्याचा प्रघात आहे. न्हाणीघरातील तांब्याचा बंब विस्तवाने पाणी तापवितो. रस्त्यावरून घंटा वाजवीत धावणारा बंब पाण्याने विस्तव विझवितो. शब्द मूळचा पोर्तुगीज असून पाणी खेचण्याचे यंत्र हा त्याचा अर्थ. ह्या दुसऱ्या बंबाचा, आणि त्यातही ब्रिटिश लष्करी विमानतळांवर उभ्या राहिलेल्या बंबांचा, इतिहास विलायतेतील काही चिकित्सक मंडळी मोठ्या कष्टाने जुळवीत आली आहेत. लोखंडी गाड्यांचा इतिहास तो काय, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. परंतु ज्या वर्धा जिल्ह्यात ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग विझविता विझविता माणसे खर्ची पडली, तेथील रहिवाशांस तरी हा विषय परका वाटू नये.

सर्व आगी एका जातीच्या नसतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गवताची गंजी किंवा लाकडी माडी पेटली, तर पाणी पुरते. ते जळत्या वस्तूची उष्णता हरण करते. विमान कोसळते तेव्हा मात्र पेट्रोल पेटते. पेट्रोल पाण्याहून हलके. त्यावर पाणी ओतले, तर पाणी खाली जाते आणि जळते तेल त्याच्या पाठीवर बसून चहूकडे पसरते. शहरातील उत्तम बंबही अशा ठिकाणी उपकारक होण्याऐवजी अपकारकच व्हावयाचा. कढईतील तेल पेटले तर पाणी टाकू नका, वर झाकण घाला, असे घरातील वडीलधाऱ्या बायका सुनांस सांगत आल्या आहेत. विमानतळावरील बंबाचे पुष्कळसे शास्त्र ह्या झाकणात सामावले आहे.

जळत्या तेलाच्या तळ्यावर झाकण कसे घालावयाचे, हा प्रश्न सोडविणारा गृहस्थ शिक्षकाच्या पेशातला होता, ह्याचा आम्हा मास्तरांस थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. त्याचे नाव अलेक्सांद्र लोरान. रशियन साम्राज्यातील बाकू ह्या शहरी तो अध्यापन करी. बाकू म्हणजे खनिज तेलाच्या विहिरींचे गाव. तेथे तेलास आग लागणे नित्याचे. लोरानने १९०४ साली फेसाने आग विझविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. त्याची सामग्री पाहिली तर ती जवळजवळ आपल्या फडताळातलीच: एका द्रावणात खाण्याचा सोडा, दुसऱ्यात तुरटीच्या कुळातील अॅल्युमिनियम सल्फेट, आणि फेस टिकून राहावा म्हणून ज्येष्ठमधाच्या अर्कासारखा एखादा चिकट पदार्थ. दोन्ही द्रावणे एकत्र आली की कर्बवायूचे बुडबुडे उठतात. तो फेस तेलावर तरंगतो आणि हवेचा मार्ग बंद करतो. पुढे १९३० नंतरच्या दशकात जनावरांची खुरे व शिंगे ह्यांपासून काढलेला प्रथिनयुक्त अर्क पाण्यात मिसळून त्यात हवा घुसळण्याची पद्धत आली. त्या अर्काची दुर्गंधी प्रसिद्ध होती. पण जीव वाचतो तेथे वासाचा विचार कोण करतो?

ब्रिटनचे शाही वायुदल १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्याच्या विमानतळांवर क्रॉस्ले कारखान्याच्या सहा चाकी गाड्या उभ्या असत. युद्धकाळात फोर्डसन व ऑस्टिन ह्यांच्या सहा चाकी गाड्यांची त्यांत भर पडली. सहा चाकांचे प्रयोजन काय? विमान पडते ते धावपट्टीवरच पडेल असा नेम नाही. ते चिखलात, शेतात, कुंपणापलीकडेही पडते. पाणी व फेसद्रव्य ह्यांचे ओझे घेऊन तेथपर्यंत पोचावयाचे, तर चाकांखाली भार वाटला गेला पाहिजे. शिवाय अवधी अत्यल्प. आज जागतिक नियमानुसार विमानतळाच्या बंबाने तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कोणत्याही टोकास पोचून फेस सोडावयास आरंभ करावा, अशी अपेक्षा असते. युद्धानंतर, १९५० नंतरच्या दशकात, सहाही चाकांस गती देणारी आल्व्हिस कारखान्याची 'सॅलमँडर' नामक गाडी आली. सॅलमँडर म्हणजे अग्नीत राहूनही न जळणारा, युरोपीय दंतकथेतील प्राणी.

ह्या गाड्यांचा शोध घेणे सोपे नाही. विमानाचे चित्र सर्वांनी काढले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या बंबाकडे कोणी पाहिले नाही. काम संपताच बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. म्हणून संशोधकास सांगाड्यावरील कारखान्याची पट्टी, लष्करी नोंदणी-क्रमांक, चालकासाठी छापलेली पुस्तिका, सैनिकांनी हौसेने घेतलेली छायाचित्रे आणि वृद्ध बंबवाल्यांच्या आठवणी ह्यांवरच विसंबावे लागते. एकाने सांगितलेले दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहावयाचे. ताळा जमला तरच स्वीकारावयाचे. जीर्ण पोथ्यांचे पाठ जुळविणाऱ्यास ही रीत ओळखीची वाटेल.

आता ह्या इतिहासाचा दुसरा, अधिक कठीण अध्याय पाहू. तेलाच्या आगीवर फेसाने मात केली. पण दारूगोळ्याच्या आगीवर काय? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, वायुदलासाठी पेट्यांत भरून आणलेली लढाऊ विमाने होती, आणि कराचीस चढविलेला कापूसही होता. बंब तासन्‌तास पाणी मारीत राहिले. जहाज बाहेर न्यावे की जागीच बुडवावे, ह्याचा निर्णय वेळेवर झाला नाही. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, आणि थोड्याच वेळाने दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. नागरिक शेकडोंनी गेले. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो.

पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार सुमारे ७,००० एकरांवर पसरलेले आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी तेथील एका गोदामात आग लागली. आगरगाव, नागझरी वगैरे आसपासच्या गावांतील लोकांस रात्रीच घरे सोडावी लागली. त्या आगीत एकूण १९ जणांचे प्राण गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि बहुसंख्य अग्निशामक दलाचे सेवक होते. आग त्या एका गोदामापुरतीच राहिली, इतर गोदामांस पोचली नाही. ह्याचे मोल जिल्ह्याने विसरू नये. पुढे चौकशीत सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट दाखविले गेले. सुरुंगात भरलेल्या टीएनटी ह्या स्फोटकात अशुद्धता राहिली, तर उष्णतेने त्यातून तेलकट द्रव पाझरू लागतो व धोका वाढतो. ह्या द्रवावर बंबाचा इलाज नाही. असा माल वेळीच ओळखून वेगळा काढणे व नष्ट करणे, हाच इलाज. आणि नष्ट करण्याचे कामही निर्धोक नसते: २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावनजीक सोनेगाव आबाजी येथे जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरविताना स्फोट होऊन सहा जण दगावले, त्यांत मजुरी करणारे गोरगरीब होते.

कौटिल्याने अर्थशास्त्रात नगराच्या बंदोबस्ताचे नियम देताना प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा व कातडी पखाल ठेवण्यास सांगितले आहे, आणि न ठेवणाऱ्यास दंडही सांगितला आहे. दंड आहे तो तयारी नसल्याबद्दल. आग लागण्याची वाट त्याने पाहिली नाही. विमानतळाच्या बंबांचा इतिहासही हेच शिकवितो. सहा चाके, फेस, तीन मिनिटांची मर्यादा, ह्यांतील प्रत्येक सुधारणेमागे कोठेतरी आधी उशिरा पोचलेला बंब आणि न वाचलेला मनुष्य आहे. यंत्र सुधारते ते मृतांच्या हिशोबाने. तो हिशोब कोणी लिहून ठेवला नाही, तर तेच मरण पुन्हा भोगावे लागते.

म्हणून आपल्या जिल्ह्यातील सुशिक्षित घराण्यांस एक विनंती करावीशी वाटते. लष्करी गुपिते विचारण्याचे आपल्यास कारण नाही. परंतु पुलगाव, देवळी, आर्वी ह्या बाजूस ज्यांच्या घरातील कोणी बंबावर नोकरी केली, त्यांच्या आठवणी, त्यांची नावे, त्यांची छायाचित्रे तारीखवार वहीत उतरवून ठेवावीत. शाळकरी मुलांकडून हे काम उत्तम होते. २०१६ साली जे आगीपुढे उभे राहिले, त्यांची आठवण केवळ एका आकड्यावर राहू नये, इतके तर आपल्या हाती आहे.