ट्रेक रद्द करायचा अधिकार कोणाचा?

पावसाळ्यात महाड-पोलादपूरचे हौशी ट्रेकर्स चांभारगड, चंद्रगडाकडे निघतात. ऐनवेळी धुवांधार पाऊस आला, तर माघारी फिरायचे कोणी ठरवायचे?

अध्यक्ष एकटे ठरवू शकतात?
संस्था नोंदणी कायदा, १८६० नुसार कारभार कार्यकारी मंडळाकडे असतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांना अधिकार असतात ते नियमावलीत लिहिलेले तेवढेच.

सभेशिवाय काय होत नाही?
संस्थेचा उद्देश बदलायला विशेष सभेत ३/५ मते लागतात. महिन्याभराने दुसऱ्या सभेत पुन्हा तशीच मंजुरी घ्यावी लागते.

निवडणुकीनंतर काय?
संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद असेल, तर पदाधिकारी बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. रायगडचे हे कार्यालय अलिबागला आहे.

आणि डोंगरावर?
कड्यावर सभा भरवता येत नाही. म्हणून ‘सुरक्षेबाबत मोहीमप्रमुखाचा शब्द अंतिम’ असे नियमावलीत आधीच लिहून ठेवावे. खाली उतरल्यावर मंडळाने त्याच्याकडे जाब जरूर मागावा. नोंदणी नसलेल्या ग्रुपनेही निघण्यापूर्वी प्रमुख कोण, हे सर्वांना सांगावे. वाद गावात मिटतो. ओढ्याचे पाणी मात्र कोणासाठी थांबत नाही.