उभारणीच्या काळात अव्वल बैल केव्हा विकावा?

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडी, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यात आणि लगतच्या आंबेगाव व खेड तालुक्यांत गावजत्रेतील बैलगाडा शर्यत हा केवळ करमणुकीचा विषय नाही. मालकी, गुंतवणूक व जोखीम यांचाही तो विषय आहे. ज्याच्या दावणीला एकच बैल अव्वल असून बाकीचे खोंड अद्याप कोवळे आहेत, अशा मालकाने तो बैल विकावा काय, आणि विकावयाचा तर केव्हा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. या भागात गाड्याला चार बैल जुंपतात, दोन पुढे व दोन मागे. चढाचा घाट गाडा किती सेकंदांत तोडतो, यावरून क्रम लागतो. वेळ मोजली जाते ती गाड्याची, एकट्या बैलाची नव्हे. तीन मंद बैलांच्या संगतीत चौथ्याचा वेग बव्हंशी वाया जातो. म्हणजेच अव्वल बैलाचे मोल त्याच्या अंगच्या गुणाइतकेच त्याच्या जोडीदारांवर अवलंबून असते. तोच बैल एका दावणीला सामान्य फळ देतो, तर दुसऱ्या दावणीला घाटाचा राजा ठरतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, बैलाच्या कसाचे तीन हंगाम उरले आहेत आणि घरचे तीन खोंड तयार होण्यास दोन वर्षे लागणार आहेत. मालकाच्या दृष्टीने त्या बैलाचा खरा उपयोग तिसऱ्या हंगामापुरता, म्हणजे एकाच वर्षाचा. परंतु ज्याचे तीन बैल आजच तयार आहेत, त्या ग्राहकाला तिन्ही वर्षे उपयोगी पडतात. किंमत या दोन मोलांच्या दरम्यान कोठेतरी ठरते व व्यवहारात दोघांचाही लाभ होतो. एक वर्ष थांबल्यास ग्राहकाची वर्षे दोन उरतात, मालकाचे मात्र एकच राहते. दोन वर्षे थांबल्यास दोघांचेही एकच, आणि विकण्यातील लाभ संपतो. तात्पर्य, बैल थकू लागला की विकावा हा समज चुकीचा होय. उरलेल्या हंगामांत ग्राहकाचे हंगाम आपल्यापेक्षा जेव्हा सर्वांत अधिक असतात, तीच विक्रीची वेळ.

यात जोखमीचा विचार मिळविला म्हणजे निष्कर्ष अधिक दृढ होतो. मालकाचे उपयोगाचे वर्ष दूर असते, ग्राहकाचे आजच सुरू होते. म्हणून दुखापत वा बंदी यांचा घाव मालकाच्या आशेवर अधिक पडतो. हा धोका कल्पनेतील नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रत्यक्ष मुभा १६ डिसेंबर २०२१ रोजी मिळाली आणि घटनापीठाने त्या दुरुस्तीवर १८ मे २०२३ रोजी शिक्कामोर्तब केले. २०१४ मध्ये पाच वर्षांचा असलेला बैल मुभा मिळाली तेव्हा बारा वर्षांचा झाला होता. त्याच्या कसाचे सारे हंगाम दावणीलाच गेले. शिवाय २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी असल्याने म्हाताऱ्या बैलाला बाजारात फारशी किंमत नाही, वैरणीचा खर्च मात्र चालूच राहतो.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हाच प्रश्न अव्वल पिचरविषयी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या प्रमुख खेळाडूविषयी, उपस्थित होतो. शिकागो व्हाइट सॉक्स संघाने डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिस सेल हा आपला पिचर बॉस्टनला दिला व त्याच्या बदल्यात चार तरुण खेळाडू घेतले. सेलवर तेव्हा आणखी तीन हंगामांचा हक्क होता. म्हणूनच मोबदला भरघोस मिळाला. बॉस्टनने २०१८ चे अजिंक्यपद मिळविले. शिकागोचा संघ २०२० व २०२१ मध्ये बाद फेरीपर्यंत पोहोचला, परंतु २०२४ मध्ये त्याने १६२ पैकी १२१ सामने गमावले. विक्रीची वेळ अचूक असली तरी मिळालेल्या मोबदल्यातून संघ उभा राहतोच असे नाही, हा यातील बोध.

प्रस्तुत विवेचनाला दोन मर्यादा आहेत. जाणत्या बैलाशेजारी जुंपलेला खोंड लवकर तयार होतो. हे शिक्षण वरील हिशेबात मालकाच्या बाजूला जमा केले पाहिजे. तसेच दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र करून गाडा पळवितात. असा भागीदार मिळाल्यास बैल न विकताही त्याचे आजचे हंगाम सत्कारणी लागतात. म्हणून विक्रीचा निर्णय घेण्यापूर्वी ही वाट पडताळून पाहणे इष्ट. ती बंद असेल आणि घरचे खोंड दूर असतील, तर अव्वल बैल ऐन कसात असतानाच दुसऱ्याच्या दावणीला देणे शहाणपणाचे. त्या दिवशी घरातील माणसांचे डोळे पाणावतील, हे खरे; परंतु उभारणी करावयाची ती येणाऱ्या हंगामांची, याचे भान मालकाने सोडता कामा नये.