जाकीट उतारासाठी राखावं

डिसेंबरात इंदूरहून सायकलवर महेश्वरला निघणारे स्वेटर-मफलर चढवतात आणि महूपर्यंत घामाघूम होतात. खरी थंडी पुढे वाजते. माळव्याची काळी माती, गहू-हरभऱ्याची शेतं मागे पडून मानपूरनंतर विंध्याचा घाट लागला, की पाय थांबतात, अंगातली ऊब घटते, वेग वाढतो आणि ओला बनियन वाऱ्यानं गारठतो. कुणी म्हणेल, सुमारे ४०० मीटर खाली निमाडात हवा उबदारच की! असते, पण त्या उतरणीनं मिळणारे दोन-अडीच अंश वारा सहज हिरावून नेतो. शिवाय बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही, हे जास्त वाईट. म्हणून पठारावर कपडे कमीच बरे. घाटमाथ्यावर थांबून कोरडा बनियन, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट घालावं. त्या घाटात ट्रकही फार, तेव्हा अंधारात उतरण्याची हौस आवरलेली बरी.